द्राक्षबागेत टांगलेल्या सीड्या

दिवेलागणीला मावशी देवापुढे निरांजन लावायची, गॅसवर भाकरीचा तवा ठेवायची आणि तवा तापेपर्यंत पुढच्या खोलीत येऊन कॉम्प्युटर सुरू करायची. तवा तापायला आणि कॉम्प्युटर उघडायला जवळपास सारखाच वेळ लागे. मग ती साडीच्या पदराला हात पुसून माउस धरायची. तिला माउसवर दोनदा टिचकी मारता येत नसे, मधे फार वेळ जाई, म्हणून दोनतीनदा प्रयत्न करावा लागे. आणि मग शुभाताईचा आवाज यायचा, "नमस्कार. आपण ऐकत आहात घरचं केंद्र, इंदिरानगर, नाशिक. आता ऐकू या आजचे बाजारभाव."

मी शिकायला म्हणून त्या घरी राहायला गेले तेव्हा शुभाताईला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

शुभदा ही मावशीची एकुलती एक मुलगी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. उन्हाळ्यात आमच्याकडे पिंपळगावजवळच्या मळ्यात आली की चिंचेखाली बसून पेपर मोठ्याने वाचायची. तिला रेडिओवर निवेदिका व्हायचं होतं. आवाजाची चाचणी असते, त्यात बातम्या, बाजारभाव, हवामान असं काहीही वाचायला लावतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माझे वडील, अण्णा, तिला मुद्दाम म्हणायचे, "वाच बाई, आज कांदा काय म्हनतो?" आणि ती अगदी ठसक्यात वाचायची, "उन्हाळ कांदा, आवक भरपूर, भाव मवाळ." अण्णा हसत हसत म्हणत, "तुझ्या तोंडून मवाळ बी गोड वाटतंय, पन व्यापाऱ्याच्या तोंडून लय वंगाळ वाटतं."

काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, तिच्यासाठी कॉम्प्युटर घेतला तो कंपनीचा. त्या काळी बहुतेक लोक सुटे भाग आणून जोडून घेत. काका अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि त्यांचा जोडलेल्या यंत्रावर विश्वास नव्हता. "जोडलेलं ते कधीतरी सुटतं," म्हणायचे. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं आधीच घालून येतं, खोक्यातून काढायचं आणि बटण दाबायचं. सोबत एका निळ्या पाकिटात तीन सीड्या आल्या होत्या. पुढेमागे काही बिघडलं तर त्यातून परत दुरुस्त करायचं. शुभाताईने त्यांच्यावर मार्करने लिहिलं होतं, 'जपून ठेवणे.' सोबतचा माइक मात्र तिने पहिल्याच दिवशी टेबलावर मांडला आणि घरचं केंद्र सुरू झालं. ताप येऊन ती दवाखान्यात गेली तोपर्यंत तिने बरंच काही वाचून ठेवलं होतं. दवाखान्यातून ती परत आली नाही. त्याबद्दल त्या घरात यापेक्षा जास्त कुणी बोलत नसे, आणि मीही इथे जास्त लिहीत नाही.

त्या घराचं मला फार देणं आहे. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मी गावच्या शाळेतून बारावी झाले आणि कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी. करायचं म्हणाले, तेव्हा आई नुसती बघत राहिली. मावशी स्वतः एस.टी.ने आली, माझी पेटी उचलली आणि म्हणाली, "खोली रिकामीच आहे." ती खोली शुभाताईची होती. तिची गादी, तिचा टेबललॅम्प, कपाटाच्या आरशावर तिने चिकटवलेल्या टिकल्या. मी त्यातली एकही टिकली हलवली नाही. शिक्षण पूर्ण होईपर्यंत मी त्या टिकल्यांच्या मधे उरलेल्या जागेत तोंड बघून वेणी घातली.

संध्याकाळी तो आवाज सुरू झाला की काका उठत. "दूध आणतो," म्हणत आणि पिशवी घेऊन बाहेर पडत. घरात दूध असलं तरी. त्यामुळे आमच्याकडे दूध कायम जास्त असायचं. मावशी त्याची बासुंदी आटवायची, खीर करायची, आणि मला म्हणायची, "खा, वाळलीयेस." त्या घरात मी चांगली अंगाने भरले, हे आता लिहिताना विचित्र वाटतं. मावशीची जी आवडती फाइल होती ती ऐन मे महिन्यात वाचलेली होती. बाजारभाव सुरू होऊन थोडा वेळ झाला की त्यात शुभाताई थांबते, किंचित वैतागून हाक मारते, "बाबा, पंखा बंद करा ना! सगळा घर्रघर्र आवाज येतोय त्यात." मग चपलांचा फटक फटक आवाज, बटणाची खट्‌, पंख्याची घरघर हळूहळू मंदावत जाते आणि पूर्ण शांत होते. मग ती म्हणते, "हं, आता बरं." आणि पुन्हा निवेदिकेच्या आवाजात, "उन्हाळ कांदा, आवक भरपूर."

मावशी तेवढं ऐकायची, डोळे मिटायची आणि भाकरी टाकायला आत जायची. मागे घरभर शिळे बाजारभाव चालू राहत. पहिल्या महिन्यात मला त्या आवाजाची भीती वाटायची, हे खरं. मी तिच्याच खोलीत, तिच्याच गादीवर अभ्यास करत असायची आणि भिंतीपलीकडून ती बोलायची. एकदा मी चक्क "ओ ताई" म्हणून उत्तर दिलं आणि मग कितीतरी वेळ पुस्तकातली एक ओळ पुढे सरकली नाही. हळूहळू भीती गेली, सवय झाली. सवय ही भीतीपेक्षा जास्त दिवस टिकते. आज इतक्या वर्षांनीही माझ्या घरात पंखा बंद केला की तो थांबेपर्यंत मी काही बोलत नाही.

माझ्या दुसऱ्या सत्रातली गोष्ट. थंडी सरत आली होती. एका संध्याकाळी मावशीने बटण दाबलं आणि नेहमीचं चित्र आलंच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ, एक फाइल सापडत नाही म्हणून. खाली पांढरी रेघ लुकलुकत होती. मावशीने मला हाक मारली. तिचा आवाज अगदी साधा होता, "नंदा, ताईला काय झालं बघ गं."

मी बंद केला, सुरू केला. तीच ओळ. आतून तव्याच्या धुराचा वास यायला लागला. काका दाराशी पिशवी हातात घेऊन थांबले होते, त्या दिवशी जायचं कारण उरलं नव्हतं तरी ते गेले.

कॉलेजात आमच्या सरांना मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मशीन कंपनीचं आहे ना? मग त्यासोबतच्याच डिस्क लागतील. त्यात दोन पर्याय असतात. एक दुरुस्तीचा, त्यात तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही. दुसरा सगळं पुसून पहिल्यासारखं करायचा. बाजारातली कॉपी केलेली सीडी अजिबात घालू नकोस, ती सगळं धुऊन टाकेल." कॉलनीतल्या एका दुरुस्तीवाल्याने खोकं दुकानात न्यायची तयारी दाखवली, आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून बघतो म्हणाला. पण मावशी आडवी उभी राहिली. "इथं बसून काय करायचं ते करा. घरातून न्यायचं नाही. एकदा नेलं ते परत आलं नाही." त्यावर त्या माणसाने चहासुद्धा घेतला नाही, चपला घालून निघून गेला.

म्हणजे निळं पाकीट शोधायला हवं होतं. आम्ही टेबलाचे खण उपसले, माळा उतरवला, मावशीने गव्हाच्या कोठीतसुद्धा हात घातला. काका सोफ्यावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "नका शोधू. ते घरात नाही."

"मग कुठं आहे?" मावशी म्हणाली.

"तिच्या वडलांना दिलं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "गेल्या हंगामाच्या आधी अण्णा आले नव्हते का, पाखरांसाठी जुन्या सीड्या मागायला? खणातल्या सगळ्या देऊन टाकल्या. मी बघितलं नाही कुठल्या आहेत ते. मला तो खण उघडायचा नव्हता, एकदाचा रिकामा करायचा होता."

हे नाशिकबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. द्राक्षात साखर भरायला लागली की बुलबुल आणि साळुंक्या बागेवर तुटून पडतात. पूर्वी डबे वाजवायचे, चमकी पट्ट्या बांधायच्या. सीड्या आल्या तसे लोक त्या मांडवाच्या तारांना टांगायला लागले. वाऱ्याने फिरतात, उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात. त्यामुळे शहरातल्या प्रत्येक नातेवाइकाकडे गावाकडून निरोप यायचा, जुन्या सीड्या साठवून ठेवा. वाजून वाजून खराब झालेल्या गाण्यांच्या, मासिकाबरोबर फुकट आलेल्या, लग्नाच्या शूटिंगच्या सुद्धा. आमच्या बागेत एका जोडप्याचं अख्खं लग्न टांगलेलं होतं, ते जोडपं पुढे वेगळं झालं होतं म्हणून.

रविवारी सकाळी मावशी आणि मी मळ्यात गेलो. अण्णा बांधावरच भेटले. मी विचारल्यावर त्यांना आधी समजेना. "सीड्या? हायेत की. औंदाबी त्याच लावल्यात. लय कामाच्या. भोक आयतंच असतंय, नुसता दोरा ओवायचा." मग मी सांगितलं कुठल्या सीड्या, कशासाठी. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मावशीकडे न बघता ते बागेत शिरले.

त्या मांडवाखाली मी लहानपणापासून खेळलेले होते, पण त्या दिवशी तिथे चालताना अंगावर काटा आला. डोक्याच्या वर दोन्ही बाजूंनी शेकडो तबकड्या हळूहळू फिरत होत्या. उजेडाचे गोल तुकडे पानांवरून, घडांवरून, मावशीच्या तोंडावरून पळत होते. एकही आवाज नाही. इतकी गाणी, इतके आवाज त्या तबकड्यांत होते आणि सगळ्या मुक्या होऊन दोऱ्याला लटकत होत्या. मावशी एकेक हातात धरून, उलटी करून बघत पुढे जात होती, बाजारात बांगड्या बघाव्यात तशी. विहिरीकडच्या टोकाला ती थांबली.

तिसरी मिळाली नाही, पण दोन मिळाल्या, शेजारी शेजारी. मोरचुदाच्या फवारणीने निळे डाग पडले होते. वरचा चंदेरी थर उन्हाने पोपडे धरून सुटला होता, त्यातून आरपार आभाळ दिसत होतं. मार्करची अक्षरं मात्र अजून होती. 'जपून ठेवणे.' 'ठे'ची मात्रा ती नेहमीच लांब ओढायची.

"लावल्या मीच," अण्णा म्हणाले. "वाचता येतंय मला, पन मी वाचलंच नाय. अक्का, मला काय ठावं?"

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. आईहून ती मोठी होती, अण्णा तिला मान देऊन असत. ती म्हणाली, "पाखरं तरी भ्यायली ना? मग झालं." आणि त्या दोन्ही सीड्या तिने पदरात गुंडाळून घेतल्या. परतताना एस.टी.त ती पूर्ण रस्ताभर त्या मांडीवर धरून बसली. मला माहीत होतं त्यांचा काही उपयोग नाही. तिलाही माहीत असावं.

मग नव्या सीड्या मागवणं आलं. कंपनीचं सेवाकेंद्र कॉलेज रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. काचेचं दार, आत एसी, मी चपला दाराबाहेर काढल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अहो मॅडम, घालून या, देऊळ नाहीये." मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच माणूस. त्याने सांगितलं की सीड्या बंगळूरहून येतात, वेळ लागेल, आणि खोक्याच्या मागच्या स्टिकरवरचा नंबर हवा, त्याशिवाय कुठल्या सीड्या पाठवायच्या ते कळत नाही.

नंबर बघायला घरी आले तर स्टिकर लालभडक. दसऱ्याला यंत्राची पूजा करतात, तशी मावशीने दोन्ही दसऱ्यांना कॉम्प्युटरची केली होती. पुढच्या बाजूला पडदा खराब होईल म्हणून हळदकुंकू मागे लावलं होतं, नेमकं कागदाच्या त्या तुकड्यावर, कारण तिथे ते चांगलं धरायचं. काकांनी ओल्या कापसाने हळूहळू पुसायला घेतलं. कुंकवाबरोबर शाईही सुटायला लागली तसे ते थांबले आणि भिंगाने वाचायला बसले. एक आकडा काही केल्या लागेना, आठ का तीन. मी सेवाकेंद्रात जाऊन दोन्ही सांगितले. मुलाने विचारलं, "पुसला कसा काय?" मी म्हणाले, "दसऱ्याचं कुंकू." तो आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "आमच्या इथल्या मोठ्या मशीनलापण लावतात. साहेब मुंबईहून आले की पुसतो." त्याने दोन्ही नंबर टाकून पाहिले. तीन होता.

वाट बघण्याचे ते दिवस मला त्या घरातले सर्वांत अवघड वाटतात. मावशी दिवेलागणीला येऊन काळ्या पडद्यासमोर बसायचीच. बटण दाबायची नाही, नुसती बसायची. पडद्यात तिचं तोंड दिसायचं, आणि मागे मी दारात उभी असले तर माझं. एकदा तिने पडद्यातल्या माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग मान वळवून खऱ्या माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाली. माझ्या केसांची ठेवण त्या उन्हाळ्यात शुभाताईसारखी झाली होती. दुसऱ्या दिवसापासून मी दोन वेण्या घालायला लागले.

काका दूध आणायला जायचे थांबले होते. संध्याकाळी गॅलरीत बसायचे. एक दिवस मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेले तेव्हा म्हणाले, "नंदा, त्या सीड्यांनी सगळं पुसून नव्यासारखंपण करता येतं ना?"

"येतं, काका."

"मग तसं कर. मावशीला म्हण, नाही वाचलं काही."

मी कपडे छातीशी धरून उभी राहिले. ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "तुला वाटतं मला ऐकायला नको असतं. तसं नाही गं. ती हाक मारते ना, बाबा म्हणून. पायात चपला सरकवतो मी आपोआप. रोज. आणि उठून करायचं काय? त्या दिवशी तिने सांगितलं तो पंखा मी बंद केलाय, आता कुठला बंद करू? म्हणून बाहेर पडायचो. निदान चपला घातल्याचं काहीतरी कारण."

मी म्हणाले, "काका, मला मावशीशी खोटं बोलता यायचं नाही. तिच्याच घरचं जेवते मी."

"माझंही घर आहे ते," काका म्हणाले. रागाने नाही, आठवण करून दिल्यासारखं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही आणि मावशीला वाटलं परीक्षेची भीती असेल.

सीड्या आल्या तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. नवं निळं पाकीट, त्यावर कुणाचंही अक्षर नाही. रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती, मावशीने कैरीचं पन्हं केलं होतं, पंखा पूर्ण जोरात फिरत होता. मी दोघांनाही बोलावलं आणि माझ्या दोन्ही बाजूंना खुर्च्या मांडल्या. काका म्हणाले, "माझं काय काम?" मी म्हणाले, "बसा तरी." आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना काही सांगत होते.

पहिली सीडी आत गेली, मशीन घुरघुरलं. बराच वेळ निळ्या पडद्यावर अक्षरं धावत राहिली. मग प्रश्न आला. तो इंग्रजीत होता, आणि दोघांनाही वाचता आला असता, पण मी तो मोठ्याने मराठीत वाचला. "दोन गोष्टी करता येतात. आहे ते ठेवून दुरुस्ती करायची. किंवा सगळं पुसून कारखान्यातून आलं तसं करायचं. कुठलं करू?"

मावशी हसली. "हे काय विचारणं झालं?" मग तिने काकांकडे बघितलं. मी विचारत कुणाला होते ते तिला तेव्हा कळलं. पन्ह्याचा पेला तिने खाली ठेवला, इतका हळू की आवाज झाला नाही.

काका पडद्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर निळा उजेड होता. आत सीडी फिरत होती, वर पंखा फिरत होता, आणि मला बागेतल्या त्या मुक्या तबकड्या आठवत होत्या. माझं बोट कळीच्या वर होतं. त्यांनी पुसायला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. दोघांचंही मीठ खाल्लेलं होतं.

"दुरुस्त कर," काका म्हणाले. मग घसा साफ करून, "आहे ते राहू दे."

दुरुस्तीला दुपार लागली. दुसरी सीडी, मग तिसरी, मग पुन्हा पहिली. मधे वीज जाईल या भीतीने मावशीने देवाला नारळ बोलला. कुणी जागेवरून उठलं नाही. उन्हं कलली तेव्हा मशीन आपोआप बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि नेहमीचं चित्र आलं. त्यावर शुभाताईच्या फोल्डरचं पिवळं चौकोनी चिन्ह, जिथल्या तिथे.

मी खुर्चीवरून उठले आणि मावशीला जागा दिली. दोनदा टिचकी तिला त्या दिवशीही जमली नाही. तिसऱ्या वेळी जमली.

"नमस्कार. आपण ऐकत आहात घरचं केंद्र, इंदिरानगर, नाशिक."

काका उठले नाहीत. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता जातील, आता पिशवी घेतील. ते मांडीवर हात ठेवून बसून होते. उन्हाळ भुईमुगाचा भाव झाला, गव्हाचा झाला. मग ती थांबली.

"बाबा, पंखा बंद करा ना! सगळा घर्रघर्र आवाज येतोय त्यात."

काकांनी पायात चपला सरकवल्या. खुर्ची मागे ढकलून उठले, फटक फटक करत भिंतीपर्यंत गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं. एक खट्‌ स्पीकरमधून आली, एक भिंतीवरून, किंचित मागेपुढे. डोक्यावरची घरघर मंदावत गेली, आतलीही मंदावत गेली. दोन्ही पंखे थांबले. काका बटणावर हात ठेवून तसेच उभे होते, वाट बघत.

"हं, आता बरं," शुभाताई म्हणाली.

नंतर कुणीही पंखा परत लावला नाही. त्या उकाड्यात, घामाने निथळत, आम्ही तिघं शेवटपर्यंत कांद्याचे भाव ऐकत बसलो.